अकरा वर्षांचा भागीदार आणि चौतीस फ्रेम्स

इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्या गृहस्थांनी मला एक प्रश्न विचारला आहे. सिनेमा सुरू झाल्यावर पाच-दहा मिनिटांत कोण सज्जन आणि कोण लबाड हे त्यांना बरोबर कळतं, घरची मंडळी त्याचं कौतुकही करतात. पण अकरा वर्षं ज्याच्याबरोबर एका डब्यात जेवले, त्या भागीदाराने परस्पर सूत उचललं, उधारी पेढीच्या नावावर ठेवली आणि पैसे बाहेर वळवले. यांना ते कळलं सुताचा व्यापारी दारात येऊन उभा राहिला तेव्हा. ते विचारतात, "पडद्यावरचा माणूस ओळखता येतो आणि शेजारच्या खुर्चीतला येत नाही, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे का? तुम्ही जन्मभर सिनेमात माणसंच बघितलीत. माणूस ओळखायचा कसा ते सांगा." खाली आणखी एक ओळ आहे. त्या भागीदाराच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली आहे, जावं की नाही?

मी कोल्हापुरात पस्तीसेक वर्षं चित्रपटांचं संकलन करतो आहे. अर्धी वर्षं मुव्हिओला नावाच्या यंत्रावर फिल्म कापण्यात गेली, अर्धी संगणकावर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी माझ्या टेबलावरूनच देऊ शकतो, म्हणून तिथूनच देतो.

तुमच्यात काही कमी नाही. पडद्यावरचा माणूस आम्ही तुम्हाला ओळखून दिलेला असतो. दिग्दर्शक, लेखक, कॅमेरामन आणि शेवटी मी, अशा चौघांनी महिनोन् महिने बसून ठरवलेलं असतं की या माणसाबद्दल तुम्हाला काय वाटलं पाहिजे. तुम्ही पाच मिनिटांत जे ओळखता, ते आमचं चार महिन्यांचं काम असतं.

एक प्रसंग सांगतो, मला तो अजून फ्रेमगणिक आठवतो.

कोल्हापूरच्या सिनेमाला सावकार जुना. बाबूराव पेंटरांनी 1925 साली 'सावकारी पाश' काढला, त्यात सावकारापायी जमीन गमावणारा तरुण शेतकरी व्ही. शांताराम झाले होते. तेव्हापासून धोतर, टोपी, काखेत चोपडी आणि उंबऱ्यात थांबलेली वहाण एवढं दिसलं की आमचा प्रेक्षक मनातल्या मनात निकाल लावून मोकळा होतो. नव्वदच्या दशकात मी अशाच एका सावकाराचा चित्रपट कापत होतो. कागलजवळच्या एका वाडीवर चित्रण झालं होतं. प्रसंग असा: विधवेची म्हैस सावकार कर्जापोटी सोडवून नेतो, आणि म्हशीचं दावं तिच्या सहा-सात वर्षांच्या मुलीच्या हातात आहे. नटाने "सोड गं पोरी" म्हटलं, दावं ओढून घेतलं आणि जायला वळला. तिसऱ्या टेकमध्ये मात्र वळायच्या आधी त्याची नजर त्या मुलीच्या रिकाम्या मुठीवर गेली आणि त्याने आवंढा गिळला. दिग्दर्शकाने ते सांगितलं नव्हतं. ते नटाला आपोआप झालं होतं. टेबलावर मी ते चार-पाचदा पुढेमागे करून बघितलं आणि ठेवलं.

तालुक्याच्या एका टॉकीजमध्ये आम्ही चाचणीचा खेळ लावला. त्या जागी थिएटर गप्प झालं. शेवटी सावकाराच्या वाड्याला आग लागते तिथे टाळ्या पडायला हव्या होत्या, त्या पडल्या नाहीत. निर्माता मला बाहेर घेऊन आला, म्हणाला, "सावकाराचीच कीव यायला लागली तर लोकांनी पिक्चर कुणाचं बघायचं?" त्याचंही खरं होतं, त्याने त्यात घर गहाण टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी ती नजर आणि तो आवंढा काढला. चौतीस फ्रेम्स होत्या. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात 16 फ्रेम्स बसतात, म्हणजे दोन फूट आणि वर दोन फ्रेम्स. वेळ म्हणाल तर दीड सेकंदसुद्धा नाही. चित्रपट लागला तेव्हा मी त्याच टॉकीजमध्ये मागे उभा होतो. म्हैस उंबऱ्याबाहेर पडली आणि बायकांच्या रांगेतून कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज आला. शेवटी टाळ्याही पडल्या.

नट तोच, सावकार तोच, त्याने केलेलं कामही तेच. त्याच्या चारित्र्याचा निकाल ज्या तुकड्याने बदलला, तो तुकडा माझ्या खोलीत कापडाच्या पिशवीवर खिळ्याला लटकत होता. आम्ही त्यांना ट्रिम्स म्हणतो, कापून काढलेले आणि वापरात न आलेले तुकडे. फिल्मच्या दिवसांत कुठल्याही चित्रपटाच्या शेवटी ती पिशवी चित्रपटाहून जड असायची.

आमच्या धंद्यात हे सगळे जाणतात. रशियात 1920 च्या आसपास लेव कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने मोझ्झुखिन या नटाचा एकच कोरा चेहरा घेतला आणि तो वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. एकदा सूपच्या वाडग्याला, एकदा शवपेटीतल्या बाईला, एकदा खेळणाऱ्या लहान मुलीला. बघणाऱ्यांनी नटाच्या अभिनयाची तारीफ केली, असं त्याचा शिष्य पुदोव्हकिन याने लिहून ठेवलं आहे: भूक किती खरी, दुःख किती खोल, माया किती सुंदर. चेहरा मात्र तिन्ही ठिकाणी एकच होता. भाव शेजारच्या तुकड्याने दिला होता.

आणि एकदा चिकटलेला भाव पडद्यापुरता राहत नाही. निळू फुल्यांचं उदाहरण आपल्या सगळ्यांसमोर आहे. गावागावांतल्या बायका त्यांना प्रत्यक्ष बघून बिचकत, कुणी तोंडावर शिव्या घालत. हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या आणि सामाजिक कामात शेवटपर्यंत राबलेला. 2009 साली ते गेले तेव्हा त्यांचं हे आयुष्य अनेकांना पहिल्यांदा वर्तमानपत्रातून कळलं. त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांनी जे पाहिलं त्यावरून त्यांनी निकाल दिला, आणि त्यांनी काय पाहायचं ते आमच्यासारख्यांनी ठरवलं होतं.

आता तुमच्या भागीदाराकडे येतो. तुम्ही पुढे लिहिलं आहे की आता मागे वळून बघितल्यावर सगळं लख्ख दिसतं. तो हिशेबाच्या वेळी चहा मागवायचा ते लक्ष दुसरीकडे वळवायला, दिवाळीला तुमच्या मुलांना कपडे आणायचा ते तोंड बंद ठेवायला, आणि "तुम्ही कशाला येताय, मी बघतो" म्हणायचा तेव्हाच ओळखायला हवं होतं. हे वाचताना मला माझी खोली आठवली. तुम्ही अकरा वर्षांचं पुनर्संकलन करायला बसला आहात. शेवटी एक नवा तुकडा हाती आला, चोरीचा, आणि तो तुम्ही मागच्या प्रत्येक हसण्याशेजारी जोडत चालला आहात. जोडल्यावर प्रत्येक हसणं लबाड दिसणारच, कुलेशोव्हच्या चेहऱ्यासारखं. म्हणून ते तेव्हा लबाड होतं असं ठरत नाही. दिवाळीचे कपडे कदाचित नुसते कपडेच होते. माझा अंदाज सांगतो: त्या माणसासमोर पहिली आठ-नऊ वर्षं चोरी करायची वेळच आली नसावी. सुताचे भाव बरे, कापडाचे पैसे वेळेवर, दोघांची घरं चाललेली. मंदी आली, त्याच्यावर कुठून तरी तगादा आला, आणि त्याच्यापुढे पहिल्यांदा अशी निवड उभी राहिली ज्यात खरेपणाला किंमत मोजावी लागणार होती. त्याने ती मोजली नाही, तुमच्यावर ढकलली. तो गुन्हा आहे, त्यात मी काही सौम्य करत नाही. पण तुम्ही अकरा वर्षं आंधळे नव्हता. जो प्रसंग घडलाच नव्हता, तो तुम्ही बघणार कसा?

प्रसंग माणसाला किती बदलतो, हे मी दुसऱ्याच्या उदाहरणाने सांगू शकलो असतो, पण माझंच सांगतो. 1996 सालची गोष्ट. आमच्या चित्रपटाचे डबे घेऊन मी रात्री जीपने मुंबईच्या लॅबला निघालो होतो. शुक्रवारची तारीख पडलेली, सकाळी नऊला डबे पोचले नाहीत तर प्रिंट निघणार नव्हत्या. वाठारच्या पुढे रस्त्याच्या कडेला मोटरसायकल आडवी पडलेली दिसली, बाजूला एक माणूस बसलेला, डोकं हातात धरून. ड्रायव्हरने वेग कमी केला. "थांबू का साहेब?" मी म्हणालो, "पुढच्या नाक्यावर सांगू." पेठ नाक्यावर हॉटेलवाल्याला सांगितलं, त्याने पोरगं पाठवतो म्हटलं, आम्ही पुढे गेलो. साताऱ्यापर्यंत तो ड्रायव्हर माझ्याशी एक शब्द बोलला नाही. त्या माणसाचं पुढे काय झालं ते मला कधीच कळलं नाही, आणि ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी एका संध्याकाळी रंकाळ्यावर फिरताना एक म्हातारे गृहस्थ चक्कर येऊन पडले. मला कुठे जायचं नव्हतं. रिक्षा थांबवली, त्यांना सीपीआर रुग्णालयात नेलं, मुलगा येईपर्यंत रात्री अकरापर्यंत बाकावर बसून राहिलो. त्या घरातले लोक मला अजून देवमाणूस म्हणतात, संक्रांतीला तिळगूळ पाठवतात. जीपच्या ड्रायव्हरला विचारलं तर तो वेगळं सांगेल. दोघांनीही जे डोळ्यांनी बघितलं तेच सांगतील, आणि दोघांचाही माणूस मीच आहे. मधल्या काळात माझं काळीज काही बदललं नव्हतं. एका रात्री घड्याळ मानेवर होतं आणि एका संध्याकाळी नव्हतं.

पुढे मी वाचलं की 1973 साली डार्ली आणि बॅट्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनमध्ये नेमकी हीच परीक्षा घेतली होती, तीही धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची. काहींना तर वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या बायबलमधल्या कथेवरच बोलायला पाठवलं होतं. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवलेला. ज्यांना सवड होती त्यांच्यातले 63 टक्के काही ना काही मदतीला आले. ज्यांना "तुम्हाला उशीर झालाय, पळा" म्हटलं होतं, त्यांच्यातले फक्त 10 टक्के. मी ते आकडे वाचले तेव्हा मला सुटका वाटली नाही. वाठारचा रस्ता त्याने धुऊन निघत नाही. पण त्यानंतर कुणाच्या एका वागण्यावरून त्याच्या काळजाचा निकाल लावायची घाई मी सोडली. आधी विचारतो, त्या वेळी त्याच्या मानेवर काय होतं?

चेहऱ्याबद्दल तर मी फार सावध झालो आहे. प्रिन्स्टनच्याच विलिस आणि टोडोरॉव्ह या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवून दिलं की अनोळखी चेहरा विश्वासाचा आहे की नाही, हे माणूस सेकंदाच्या दहाव्या भागात ठरवून टाकतो. बघायला जास्त वेळ दिला तर मत फारसं बदलत नाही, फक्त आपल्या मतावरची खात्री वाढते. सिनेमावाले याच्यावरच पोट भरतात. पन्हाळ्यावर एका चित्रपटासाठी आसपासच्या वाड्यांवरची माणसं गर्दीला बोलावली होती. मी त्या दिवशी सेटवर होतो, कारण दिग्दर्शकाला जागेवरच काही ठरवायचं होतं. त्याने रांगेवरून नजर फिरवली आणि बोट दाखवत गेला: हा पुजारी, हा चोर, हा दारुडा. दारुड्यासाठी निवडलेला माणूस पन्नाशीचा, डोळे तांबारलेले, गाल बसलेले, दाढी वाढलेली. काम लहानच होतं, गुत्त्याबाहेर झुलत उभं राहायचं आणि नायकाला अडवायचं. पण गर्दीतल्यांना दीडशे रुपये होते आणि याला पाचशे मिळणार होते.

कपडेपटवाल्याने त्याचा सदरा बदलायला घेतला आणि गळ्यात तुळशीची माळ निघाली. माळकरी माणूस होता. सहायकाने सांगितलं, "मामा, माळ काढून ठेवा जरा, शॉट झाला की घाला." तो म्हणाला, "माळ न्हाई काढायची." मग कॉलरच्या आत सारा म्हणाले. त्यावर तो माणूस थोडा वेळ गप्प राहिला, सदऱ्याचं बटण लावलं आणि म्हणाला, "आत असली तरी मला ठावं हाय की ती हाय. माळ गळ्यात घेऊन मी पिऊन झुलायचं सोंग करणार न्हाई. दुसरा कोन तरी बघा." दिग्दर्शक वैतागला, बोलला, "मग गर्दीतही नको, जा." गर्दीचे दीडशेही गेले. त्याने कुणाला काही म्हटलं नाही. आमच्या सावलीत ठेवलेली पिशवी उचलली आणि उताराने खाली चालायला लागला. एसटी तासाभराने होती, तो थांबलासुद्धा नाही. डोळे तांबडे का होते तेही नंतर त्याच्या गाववाल्याकडून कळलं. रात्रभर गुऱ्हाळावर चुलवणाला जाळ घालत होता.

त्या माणसाबद्दल मला त्या पाच मिनिटांत जेवढं कळलं तेवढं मला शेजाऱ्यांबद्दलही ठाऊक नाही. आणि कळलं ते कशामुळे, हे नीट बघा. तो काय बोलला त्याने नव्हे, माळ होती म्हणूनही नव्हे, माळा पुष्कळांच्या गळ्यात असतात. त्याने पैसे सोडले म्हणून कळलं. ज्या निवडीत माणसाचं काही जातं, ती निवड मी बघतो. फुकटचा चांगुलपणा मी नोंदवून ठेवतो, पण त्यावर पैज लावत नाही.

कोल्हापूरकरांना हे निराळं सांगायला नको. शाहू महाराजांनी 1902 साली नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, तो हुकूम कागदावर आहे आणि त्याचं मोल मोठं आहे. पण माणूस म्हणून महाराज कोण होते, हे आमच्या आजोबांच्या पिढीने सांगितलं ते गंगाराम कांबळेंच्या हॉटेलातल्या चहावरून. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगारामना त्यांनी हॉटेल काढून दिलं, भररस्त्यात गाडी थांबवून तिथला चहा ते स्वतः प्यायले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजला. त्या काळी त्या एका कपाची किंमत काय होती, हे ज्याला कळतं त्याला महाराज कळतात.

मात्र इथे मी स्वतःलाच थांबवतो. पन्हाळ्याच्या त्या माळकऱ्याबद्दल मला फक्त माळेपुरतं ठाऊक आहे. त्याने भावाची जमीन लाटली होती का, बायकोवर हात उचलत होता का, सोसायटीचं कर्ज फेडत होता का, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नाही. सिनेमात मी ती माळ दाखवली असती तर तुम्ही तो माणूस सगळ्याच बाबतीत खरा धरला असता, कारण पडद्यावर दीड तासात एकच माणूस मावतो. आयुष्यात एका माणसात बरेच असतात. हार्टशॉर्न आणि मे या दोघा संशोधकांनी अमेरिकेत हजारो शाळकरी मुलांना कॉपी करायची, खोटं बोलायची, पैसे उचलायची संधी देऊन बघितली. 1928 साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. परीक्षेत कॉपी करणारं पोर पैसे उचलेलच असं निघालं नाही, आणि घरी गृहपाठात फसवणारं वर्गात फसवेलच असंही नाही. प्रामाणिकपणा हा एकसंध दगड असतो, ही समजूत त्यांच्या आकड्यांपुढे टिकली नाही.

आमच्या तालमीतले वस्ताद हे न वाचता जाणत होते. मी लहानपणी दोन वर्षं तालमीत गेलो, पैलवान झालो नाही, पण वस्तादांचं बोलणं कानात राहिलं. नवीन पोराची पहिली खडाखडी बघून बाकीचे म्हणायचे, हा लढणार. वस्ताद गप्प. ते विचारायचे, पहाटे चारला येतो का, हौदा खणायला सांगितला की खोरं कुणाच्या हातात देतो, आपल्याहून हलक्या पोराशी जोर करताना अंग टाकतो का. आणि एकदा म्हणाले होते, "पोरगं जिंकल्यावर बघू नका. पडल्यावर काय करतंय बघा. मातीला शिव्या देतंय, पंचाला देतंय, का गप सकाळी परत हौद्यात उतरतंय." त्यांच्याकडे प्रत्येक पोराचे असे सातआठ वेगवेगळे हिशेब असायचे. धाडसाला चांगला पण शिस्तीला कच्चा, दमाला पक्का पण पैशाला हलका. 'चांगला पोरगा' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

माझ्या धंद्यात मला एक सवलत मिळाली जी तुम्हाला नाही. पडद्यावर प्रेक्षक माणसाला एकांतात बघतो, दार लावून रडताना, कुणी नसताना पैसे मोजताना. आयुष्यात कुणीच कुणाला एकटं बघत नाही, कारण बघायला गेलं की तो एकटा राहत नाही. मी मात्र क्लॅप वाजल्यापासून 'अ‍ॅक्शन' म्हणेपर्यंतची काही सेकंदं बघतो. कॅमेरा चालू असतो पण नट अजून पात्रात शिरलेला नसतो, आणि ही सेकंदं चित्रपटात कधीच जात नाहीत. एका चित्रपटात आईचं काम करणारी एक बाई होती. स्वभावाने फटकळ, सेटवर तिच्याबद्दल कुणी बरं बोलत नव्हतं. मुलाला शाळेत सोडायचा प्रसंग होता, त्याचे नऊ टेक झाले. नऊच्या नऊ टेकमध्ये क्लॅप वाजला की ती खाली वाकून त्या पोराच्या चपलेचा निसटलेला पट्टा बसवायची, त्याच्याकडे न बघता, संवाद पुटपुटत. पहिल्या टेकला केलं असतं तर मी म्हटलं असतं, लक्षात आलं म्हणून केलं. नवव्या टेकला ती दमलेली, दिग्दर्शकावर चिडलेली, तरी पट्टा बसवला. ते कुणासाठी नव्हतं आणि ते कुणी बघितलं नाही, मी सोडून. फटकळपणाही तिचाच होता आणि पट्टाही तिचाच. पण लहान पोर सांभाळायला द्यायचं झालं असतं तर मी तिच्याकडे निर्धास्त दिलं असतं.

तेव्हा माणूस ओळखायचा कसा या तुमच्या प्रश्नावर माझ्याजवळ एवढंच आहे. एकूण माणूस चांगला की वाईट हे विचारणं सोडा. कशात विश्वासाचा, कुणासमोर, कुठवर, ते विचारा. ज्याच्याकडून त्याला काही मिळायचं नाही अशा माणसाशी, म्हणजे कांडीवाल्या बाईशी, हमालाशी, चहाच्या पोराशी तो नवव्यांदा कसा वागतो तिकडे लक्ष ठेवा. आणि आजवर त्याने काही सोडल्याचं बघितलं आहे का, हे स्वतःला विचारा. बघितलं नसेल तर तो माणूस तुम्हाला अजून माहीत नाही असं समजा, वाईट समजू नका.

जिथे माहीत नाही तिथे कागद ठेवा. हे मी सिनेमावाला म्हणून सांगत नाही, एका निर्मात्याच्या तोंडी शब्दावर दोन चित्रपटांचं मानधन बुडालेला माणूस म्हणून सांगतो. तोही स्वभावाने गोड होता आणि मी ठरवलं होतं की गोड माणसाला सही मागणं बरं दिसत नाही. तुम्ही आज उद्याच वकिलाला गाठा. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे एका भागीदाराने पेढीच्या कामासाठी म्हणून केलेली उधारी दोघांनाही बांधते, आणि वेगळं झाल्याची जाहीर नोटीस दिली नाही तर त्याने पुढे केलेली उधारीही तुमच्या अंगावर येऊ शकते. सुताच्या व्यापाऱ्यांना लेखी कळवा की यापुढे एकाच्या सहीवर माल देऊ नका. बँकेतही तेच करा. झालेल्या पैशाचा हिशेब दोन माणसं मध्ये बसवून मागा. त्यात भीड नको. पुन्हा भागीदारी केलीत, आणि करा, एकट्याने किती दिवस ओढणार, तर पहिल्या दिवसापासून सूत आलं की दोघांच्या सह्या. दोन सह्या असल्या म्हणजे रोज त्याचा चेहरा वाचत बसावं लागत नाही, जेवणाचा डबाही बिनघोर उघडता येतो.

राहिलं लग्न. तुम्ही लिहिलं आहे की ती पोरगी लहानपणी तुमच्या कारखान्यात मागांच्या मधून धावायची आणि तुम्हाला काका म्हणते. तिच्या बापाने जे केलं त्यात ती कुठे नव्हती. पत्रिकाही बापाने पाठवली की तिने हट्टाने पाठवायला लावली, हे तुम्हाला ठाऊक नाही. मी तुमच्या जागी असतो तर गेलो असतो. अक्षता पडेपर्यंत थांबायचं, अहेराचं पाकीट बापाच्या हातात न देता तिच्या हातात द्यायचं, तिला आशीर्वाद द्यायचा. तो समोर आला तर हिशेबाचा विषय तिथे काढायचा नाही, त्याची तारीख वकिलाच्या पत्रात असेलच. तो नजर चुकवतो की समोर येऊन उभा राहतो, हात जोडतो की पाहुण्यांत मिसळून जातो, ते मात्र नीट बघा. चारशे पाहुण्यांसमोर तुमच्याजवळ येऊन उभं राहणं त्याला सोपं जाणार नाही. जेवायला थांबायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.